मन तयार नसताना उपकारस्तुती कशी करायची?

पहाटतारा:
सर्वांना प्रभूत सलाम. बाबांचं आजारपण लांबत चाललंय, घरात सगळेच थकलेत. प्रार्थनासभेत कोणी ना कोणी बायबलमधलं 1 थेस्सलनीका 5:18 ऐकवतंच, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. वचनाशी माझा वाद नाहीये पण गुडघे टेकले की प्रश्न पडतो, या आजारपणाबद्दल पण देवाला थँक्यू म्हणायचं का? नाही म्हणवत. वही पण केली, रोज झोपताना लिहायची, तर त्यात घर, जेवण, कुटुंब, पुन्हा घर, जेवण, कुटुंब, नुसती हजेरी लावल्यासारखं. तुम्ही कसं करता खरंच सांगा.

जैतुनाची_फांदी:
ताई, योहान 11 पुन्हा एकदा सावकाश वाचा. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जायला निघताना येशू रडला, आणि थोड्याच वेळात कबरेपाशी उभा राहून वर बघून पित्याचे उपकार मानले, तू माझं ऐकलंस म्हणून. लाजर मेला त्याबद्दल नाही मानले! पिता ऐकतो याबद्दल मानले, आणि ते पण लाजर जिवंत होऊन बाहेर यायच्या आधी. मला हे फार मोठं वाटतं कारण रडणं आणि उपकार मानणं एकाच अध्यायात, एकाच तोंडून आलंय, म्हणजे एक केलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. तेव्हा आजारपणाला चांगलं म्हणायची सक्ती स्वतःवर करू नका, वाईट ते वाईटच. आणि रडगाणं नको असं जे कोणी म्हणतं त्यांना स्तोत्र 88 दाखवा, ते अंधारातच संपतं, शेवटी आभार वगैरे काही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि पूर्ण देवाशीच बोललेलं आहे.

सांजप्रार्थना:
वहीबद्दल बोलते. मी कॅथलिक, आमच्यात संत इग्नेशिअस लोयोला यांनी घालून दिलेली रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत आहे आणि तिची सुरुवातच देवाच्या उपकारांबद्दल आभार मानून होते, चुका बघायचं नंतर. मी झोपायच्या आधी आजचा दिवस सकाळपासून आठवत येते, कोण भेटलं, कोण काय बोललं, कुठे जरा बरं वाटलं. त्यामुळे "कुटुंब" असं मोघम येत नाही, "आज बहिणीने मला दुपारी तासभर झोपू दिलं" असं येतं. काही सापडलं नाही तर तेच प्रभूला सांगते. यादी भरायची नाही, त्याच्याशी बोलायचंय ना आपल्याला, उगाच कितीतरी मुद्दे व्हायलाच हवेत असं कशाला.

पहाटतारा:
जैतुनाची_फांदी, स्तोत्र 88 आत्ता काढून वाचलं, रडूच आलं. पण एक भीती मनात आहेच, मी नीट उपकार मानले नाहीत म्हणून बाबा बरे होत नाहीयेत असं तर नसेल? एकाने तसं सुचवलंही.

जैतुनाची_फांदी:
नाही ताई, हे तर अजिबात मनात ठेवू नका. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी शुद्ध म्हणजे बरे झाले, आभार मानायला परत फक्त एक आला, तो पण शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका. येशूने बाकीचे नऊ कुठे आहेत विचारलं, त्याला ते लागलं असणार, पण त्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतल्याचं लूक कुठेच लिहीत नाही. शिवाय ते सगळे वाटेत जातानाच शुद्ध झाले, एकानेही आभार मानायच्या आधी. म्हणजे उपकारस्तुती ही बरं होण्याची फी नाही. जो परत आला त्याला येशूच्या पायाशी यायला मिळालं, जास्तीचं मिळालं ते हेच.

सांजप्रार्थना:
+1. आणि ज्याने तसं सुचवलं त्याला म्हणावं एखाद्या संध्याकाळी बाबांजवळ येऊन बस, म्हणजे तुम्हाला जरा बाहेर पडता येईल. बाबांसाठी आज रोझरीत (माळेच्या प्रार्थनेत) प्रार्थना करते.