विषय: कॅम्परव्हॅन घेऊन बेळगावात एकच दिवस

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई पुण्यातून कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊन गोव्याला निघतोय. सासूबाईंचं माहेर बेळगावातल्या शहापूरचं, त्यामुळे वाटेत बेळगाव हवंच. १ नोव्हेंबरचा दिवस तिथे काढावा म्हणते. किल्ला, गोकाकचा धबधबा, खरेदी आणि गाडीची कामं एवढं सगळं बसेल का? इकडे अमेरिकेत पाणी भरायला आणि टाकी रिकामी करायला ठरलेल्या जागा असतात, तिकडचं काहीच माहीत नाही. बेळगावकरांनी सांगावं.

— रविवारच्या शाळेतली ताई

*

ताई,

आधी तारीख बदला. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो, राणी चन्नम्मा चौकाकडं मिरवणुका लोटतात. त्याच दिवशी आपली सीमाभागातली माणसं १९५६ पासून काळा दिन पाळत आलीत, त्याची फेरी निघते. जागोजागी बंदोबस्त, रस्ते वळवलेले. माझे वडील त्या फेरीत चालायचे, म्हणून या दिवसाबद्दल मला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. खरं म्हातारं माणूस नि लेकरं घेऊन, महाराष्ट्र पासिंगची उंच गाडी त्या गर्दीत घालू नका. दुसऱ्या दिवशी या.

टाकीसाठी ठरलेली जागा विसरा. शहापुरात सासूबाईंचं कुणी असेल तर त्यांच्याकडंच संडासात टॉयलेटची कॅसेट रिकामी करा आणि नळाला पाईप लावून पाणी भरून घ्या. घरी आधी फोन करून पाणी कुठल्या दिवशी येतं ते विचारा, रोज येईलच असं नाही. पिण्याला वीस लिटरचे जार घ्या. हवा, पंक्चर, डिझेल हे हायवेलाच उरका, गावात आणू नका. कॅम्पातले रस्ते रुंद नि झाडीचे आहेत, गाडी लावून झोपावंसं वाटेल, खरं तो भाग लष्कराचा आहे. तिथं मुक्काम नको.

सकाळी किल्ला. गाडी तलावाच्या बाजूला लावा आणि चालत आत जा. कमल बस्ती बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. १२०४ सालचं जैन मंदिर, रट्टांच्या काळातलं, गाभाऱ्यात काळ्या दगडाचे नेमिनाथ. मंडपात उभं राहून वर बघा. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतं, ७२ पाकळ्यांचं, नि पाकळ्यांवर भूत, वर्तमान, भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. मुलांना मोजायला लावा, मान दुखेपर्यंत मोजतील.

तिथून टिळकवाडीत काँग्रेस विहीर. १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली. गांधीजी ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हे. पंधरा मिनिटं पुरेत.

खरेदीला गणपत गल्ली, खडेबाजार. व्हॅन तिकडं अजिबात नेऊ नका, रिक्षा करा. कुंदा खव्याचा असतो, लगेच फ्रीजात टाका. मांडे घेणार असाल तर जपून. उलट्या कढईवर मैद्याची पोळी पसरतात, वर साखर नि खसखस भुरभुरतात आणि गरम आहे तोवरच चौकोनी घडी घालतात. गार झाल्यावर ती घडी हात लागला की मोडते. डबा गादीवर आडवा ठेवा, वर काही ठेवू नका. मिरची संकेश्वरीच मागा, कांदा-लसूण मसाल्याला तिच्यासारखी दुसरी नाही.

राहिलं गोकाक. घटप्रभेचा तो धबधबा पावसाळ्यात थरकाप उडवतो, पाऊस सरला की रोडावतो. त्यात वाट गोव्याच्या उलट दिशेला. मी गोकाक सोडून हलशी करेन. खानापूर तालुक्यात आहे, तुमच्या वाटेपासून थोडंसंच आत. कदंब राजांची जुनी पलाशिका नगरी ती हीच. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एका गाभाऱ्यापाशी उभं राहिलं की दुसऱ्यातला देव थेट दिसतो. एवढं मोलाचं देऊळ आणि गोव्याच्या गाड्या खानापुरातून सरळ पुढं निघून जातात, याचं मला वाईट वाटतं.

— टिळकवाडीचा काका

*

काकांना दुजोरा. मी खानापूरची. हलशीला जाताना नंदगड लागतंय, तिथं कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे. १८३१ त इंग्रजांनी त्याला तिथंच फाशी दिलं. दहा मिनिटं थांबा.

आणि ताई, चोर्ला घाटानं जाऊ नका, वळणं अवघड आहेत, उंच गाडीत सासूबाईंना त्रास होईल. रामनगरवरनं अनमोड घाटानं उतरा, खरं रस्त्याचं काम कुठं चालू आहे ते खानापुरात विचारून घ्या. हलशीतनं चारला निघालात तरच उजेडात घाट उतराल, नाहीतर मुक्काम खानापुरात करा. आमच्या घराचं अंगण मोठं आहे, गाडी आत येते, नळ आहे. तारीख ठरली की मला वेगळी मेल टाका, आईला सांगून ठेवते.

— खानापूरची वहिनी