बोटीचा ताबा मिळाला, पण परवाना जुन्याच मालकाच्या नावावर: उरलेले पैसे आधी की कागद आधी?

प्रश्न (पश्चिमवारा):
महाराष्ट्रातली नोंदणीकृत यांत्रिक नौका. नोटरीपुढे करारनामा झाला, दोन तृतीयांश रक्कम बँकेतून गेली. बोट, इंजिन, जाळी घेणाऱ्याच्या ताब्यात आहे. करारात 'उर्वरित रक्कम कागद झाल्यावर' एवढंच लिहिलंय. विकणारा म्हणतो, नोटरी म्हणजेच कागद. घेणारा म्हणतो, नोंदणी आणि मासेमारी परवाना नावावर झाल्याशिवाय पैसे नाहीत. त्यातच विकणाऱ्याच्या नावावर मच्छीमार सहकारी संस्थेचं कर्ज बाकी निघालं. विकणारा बोट ओढून नेईन म्हणतो. त्याला तसं करता येतं का?

नांगरदोर:
नाही. बोट ही जंगम वस्तू, म्हणून वस्तू विक्री अधिनियम, १९३० लागू होतो. ताबा देऊन टाकल्यावर विकणाऱ्याचा धारणाधिकार, म्हणजे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क, संपतो (कलम ४९). पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी आपल्याकडेच राहील असं त्याने करारात लिहून घेतलं नसेल, तर त्याच्या हातात उरतो तो किमतीचा दावा. तरी बंदरातून बोट हलवण्याची भीती असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागा आणि त्याआधी ताबा पावती, इंजिन क्रमांक, जाळ्यांची यादी, फोटो जमवून ठेवा.

परवान्याचं मात्र वेगळं. तो सरकारची परवानगी आहे, खाजगी करारानं विकता येत नाही. नव्या मालकाला मत्स्यव्यवसाय विभागाकडे स्वतःच्या नावानं अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाकडून मिळते ती सही आणि सहकार्य. ते तो देत नसेल तर करारपूर्तीचा दावा लावता येतो. हुकूम होऊनही सही केली नाही, तर न्यायालयानं नेमलेला अधिकारी त्याच्या वतीनं सही करतो. नकार मिळाल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे, ती चर्चेत घालवू नका.

डोलकाठी:
वरचं बरोबर, पण कर्जाचा मुद्दा आधी घ्या. बऱ्याच नौका मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या कर्जावर बांधलेल्या असतात. संस्थेचा ना-हरकत दाखला नसेल तर नोंदणी बदलाचं प्रकरण तिथंच अडकतं. करारावेळी कर्ज लपवलं असेल तर वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम १४ चा (वस्तूवर बोजा नसल्याची हमी) भंग होतो आणि कलम ५९ प्रमाणे त्याची भरपाई किमतीतून वजा मागता येते. सरळ मार्ग असा: संस्थेकडून थकबाकीचा लेखी दाखला घ्या, विकणाऱ्याची लेखी संमती घेऊन रक्कम थेट संस्थेत भरा, पावती जोडा, तेवढी उर्वरित रकमेतून वळती करा. तोंडी मुळीच नको.

नाव बदलेपर्यंत बंदीकाळात किंवा बेकायदा जाळ्यानं मासेमारी झाली तर नोटीस जुन्या मालकाला जाते. म्हणजे नाव लवकर बदलणं विकणाऱ्याच्याही फायद्याचं, हे त्याला नीट समजावून सांगा. डिझेलवरच्या कर परताव्याची थकलेली रक्कमही नोंदीतल्या नावावरच येते, ती कुणाची ते तारखेनिशी लिहा. विमा बोटीबरोबर आपोआप येत नाही. कंपनीला कळवून नावावर करून घेईपर्यंत बोट समुद्रात सोडू नये.

आणि परवाना कोणत्या जाळ्याचा आहे ते वाचा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेनंतर पर्ससीनचे (थव्याला वेढून तळाशी आवळायचं मोठं जाळं) नवे परवाने बंद आहेत, त्यामुळे 'पर्ससीनसकट देतो' या शब्दावर पैसे मोजणं धोक्याचं.

नांगरदोर:
एक राहिलं. खलाशांचा थकलेला पगार विचारा. ॲडमिरल्टी कायदा, २०१७ (जहाजं-बोटींवरच्या दाव्यांचा कायदा) च्या कलम ९ प्रमाणे तो बोज्यासारखा बोटीवर बसतो, मालक बदलला तरी २ वर्षं टिकतो, आणि त्यासाठी उच्च न्यायालय बोट अटकावू शकतं. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशांकडून पगार चुकता झाल्याच्या सह्या घ्याच.

पश्चिमवारा:
फसवणुकीची पोलीस तक्रार करावी का?

नांगरदोर:
भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ला सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो. पैसे किंवा सही अडवली एवढ्यानं तो सिद्ध होत नाही. मात्र 'बोजा नाही' असं करारात लिहून देऊन कर्ज लपवलं असेल तर तक्रारीत दम आहे. आज करायचं काम: वकिलामार्फत नोटीस, त्यात १५ दिवसांत सही आणि ना-हरकत दाखल्याची मागणी, आणि उर्वरित रक्कम तयार असल्याचा बँकेचा पुरावा. 'कागद' या शब्दाचा अर्थ घेणाऱ्याच्या बाजूनं लागायला हा पुरावाच उपयोगी पडेल.