व्हेज कोल्हापुरीचा रस्सा कडवट होतो, तर्रीही येत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. चौघांपुरती व्हेज कोल्हापुरी करते, पण रस्सा कडसर लागतो आणि वर लाल तर्री येतच नाही, सगळं गढूळ तपकिरी दिसतं. प्रमाण: भाज्या अर्धा किलो (फ्लॉवर, बटाटा, गाजर, फरसबी, मटार), 2 कांदे, 2 टोमॅटो, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, तीळ आणि खसखस 1-1 चमचा, 10 काजू, 8 पाकळ्या लसूण, 3 चमचे तिखट, तेल 2 मोठे चमचे. खोबरं-तीळ-खसखस एकत्र भाजते, कांदा-लसूण कच्चाच वाटते. तेल कडकडीत तापलं की तिखट, मग वाटण, मग गार पाणी. शनिवारी पाहुणे आहेत, कुठे चुकतंय?

खलबत्ता:
कडवटपणा तीन ठिकाणांहून येतोय. एक, एकत्र भाजणं. खोबरं बदामी होईस्तोवर खसखस जळून जाते. मंद आचेवर आधी खसखस (जेमतेम अर्धं मिनिट), मग तीळ, ते तडतडायला लागले की काढायचे, शेवटी खोबरं. प्रत्येक जिन्नस लगेच ताटात काढा. आच बंद केली तरी तापलेल्या कढईत भाजणं चालूच राहतं. दोन, कच्चा कांदा मिक्सरमधून काढला की उग्र, कडसर होतो. उभा चिरून चमचाभर तेलात तांबूस परता, गार करून वाटा. तीन, तिखट. धूर निघणाऱ्या तेलात ते क्षणात करपतं.

झणझणीत:
तर्रीचं कारण सरळ आहे: 2 चमचे तेलात ती येणार कुठून? निदान 5 मोठे चमचे घ्या. आणि काजू काढून टाका. काजूची पेस्ट तेल धरून ठेवते, रस्सा दाट होतो पण कट सुटत नाही. (हॉटेलातली काजू-क्रीमची 'कोल्हापुरी' हा वेगळाच पदार्थ आहे.)

तेलात आधी वाटण घालून मंद आचेवर 10-12 मिनिटं परता, कडेने तेल सुटलं पाहिजे. मग 2 चमचे ब्याडगी तिखट, 1 चमचा कांदा-लसूण मसाला, पाव चमचा हळद. मिनिटभर परतून 3 कप उकळतं पाणी. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून तिखट पाण्याआधीच हवं. एक उकळी आली की आच बारीक करा आणि सारखं ढवळू नका. ढवळत राहिलं की तेल पुन्हा रश्श्यात मिसळतं.

धागाकर्ती:
धन्यवाद! टोमॅटो कधी? बटाटा कडक राहतो आणि फ्लॉवरचा मात्र लगदा होतो.

खलबत्ता:
टोमॅटो एकच, तोही बटाटा शिजल्यावर. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही. बटाट्याच्या 2 सेंमी फोडी, गाजर आणि फरसबी आधी रश्श्यात टाका. फ्लॉवरचे तुरे वेगळ्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परतून मटारांसोबत शेवटच्या 6-7 मिनिटांत घाला. मीठ कांदा-लसूण मसाल्यातही असतं, चव घेऊनच घाला.

झणझणीत:
आणि हो, मसाला करपलाच तर गूळ घालून सावरायला जाऊ नका, गोड आणि कडू दोन्ही लागतं. शुक्रवारीच दुप्पट वाटण करून फ्रिजमध्ये ठेवा. एक घाणा बिघडला तर दुसरा हाताशी असेल.