अनुभव धागा: अँड्रॉइड की आयफोन, तुम्ही कसं ठरवलंत?

पाचपाखाडी, ठाणे
माझा फोन आता चार्जरशिवाय दुपारही काढत नाही. दसऱ्याला नवा घ्यायचा म्हणतेय. बजेट पन्नास हजारांच्या आसपास, ओढूनताणून साठ. तेवढ्यात बऱ्यापैकी अँड्रॉइड येतो, नाहीतर मागच्या मॉडेलचा किंवा वापरलेला आयफोन. नवरा म्हणतो आयफोन घे, दीर म्हणतो वहिनी, वेड लागलंय का. यूट्यूबवर कॅमेऱ्यांच्या तुलना पाहून डोळे शिणले. तिथे सगळे डोंगरदऱ्यांत फोटो काढत असतात, मला राम मारुती रोडच्या गर्दीत एका हातात पिशवी धरून यूपीआय करायचंय. तेव्हा तुमचं खरं काय ते लिहा. कशावरून कशावर गेलात, काय अडलं, काय सुटलं. मेगापिक्सेलचे आकडे नकोत, ते दुकानदार न विचारता सांगतो.

घोडबंदर रोड
अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलो. फोन बदलायला काही लागत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप हलवणं म्हणजे घर बदलताना देवघर हलवणं. अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो आणि आयफोन तो उघडतच नाही. २०२२ पासून ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅपमधून चॅट नेता येतात, पण त्यासाठी आयफोन कोरा हवा. दुकानातल्या मुलाने उत्साहाने तिथेच सगळा सेटअप करून दिला होता, त्यामुळे घरी येऊन पहिलं काम काय, तर नवा फोन पुसणं. दोन्ही फोन चार्जरला, दोन्ही एकाच वायफायवर, नंबर तोच. अर्ध्यात वायफाय गेलं, पुन्हा पहिल्यापासून. मध्यरात्र उलटल्यावर आईचे जुने व्हॉइस मेसेज नव्या फोनवर वाजले, तेव्हा कुठे झोपलो.

आता खूश आहे. बॅटरी दिवसभर पुरते, फोन अडकत नाही. एक खटकतं ते म्हणजे जागा. गूगल १५ जीबी फुकट देतं, आयक्लाउड ५. मुलीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ काढले की ५ संपले, मग दरमहा भाडं सुरू.

कांदा-बटाटा मार्केट, वाशी
आमचा भाव फोनवर ठरतो, चिठ्ठी नंतर. लासलगावहून काय ठरलं होतं आणि गाडीत काय आलं यावर वाद झाला की रेकॉर्डिंग लावायचं. लपूनछपून नाही, मार्केटमध्ये सगळ्यांना माहीत असतं. मुलाने हौसेने आयफोन दिला होता, तेव्हा त्यात रेकॉर्डिंगच नव्हतं. २०२४ च्या ऑक्टोबरात आयओएस १८.१ मध्ये, म्हणजे आयफोनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत आलं, तेही सुरू होताना दोघांना ऐकू येईल असं जाहीर करतं. गूगलचं डायलर (कॉल लावायचं अ‍ॅप) असलेले अँड्रॉइडही तसंच बोलतात, म्हणून घेताना दुकानातच एक कॉल लावून बघा.

दुसरं, सिम. आपल्याकडच्या बहुतेक आयफोनमध्ये खरं सिम एकच, दुसरं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, हाताने न काढता येणारं. शेठ लोकांना चालतं. माझा फोन गाळ्यावर बंद पडला तर मी सिम काढून हमालाच्या फोनमध्ये घालतो आणि धंदा चालू ठेवतो. ई-सिम कुठून काढणार? आयफोन मुलाकडे परत गेला.

पाचपाखाडी (धागाकर्ती)
ई-सिम माझ्या डोक्यातच नव्हतं! सोसायटीच्या कामाचा नंबर वेगळा आहे आणि तो फोन कधी माझ्याकडे, कधी खजिनदारांकडे असतो. सिम फिरतं राहायलाच हवं. अजून येऊ द्या.

नौपाडा, ठाणे
निवृत्त शिक्षक. मला कीबोर्डवर टिपत बसणं जमत नाही, मी बोलून लिहितो. गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ मध्ये आणली, तेव्हापासून माझी अर्धी पत्रं अशीच जातात. हे लिखाणही तसंच, स्वल्पविराम तेवढे हाताने दिले. मुलगी अमेरिकेत, तिच्याकडे आयफोन. ती फेसटाइमची, म्हणजे अ‍ॅपलच्या व्हिडिओ कॉलची लिंक पाठवते, ती माझ्या अँड्रॉइडवर ब्राउझरमध्ये उघडते. मला मात्र तिला फेसटाइम लावता येत नाही. म्हणजे बोलायचं कधी हे तिने ठरवायचं. तसंही तेच ठरवतात म्हणा.

अँड्रॉइड सोडणार नाही याचं कारण अगदी साधं आहे. काही अडलं की खाली वॉचमनला दाखवतो, त्याच्याकडेही तोच. भारतात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइड आहेत, त्यामुळे मदत जिन्यातच मिळते.

कळवा
बारा हजारांचा अँड्रॉइड. गर्दीत चेंगरतो, पावसात भिजतो, पडतो. जाहिराती फार यायच्या, सेटिंगमध्ये शोधून शोधून बंद केल्या. पुढचाही असाच घेणार.

नेरूळ
माझा अनुभव चोरीचा आहे. ट्रान्स-हार्बर लोकलने घरी येत होते. ठाणे सोडल्यावर गाडी हळू झाली आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या हातावर खालून काठीचा फटका बसला. फोन रुळांवर, गाडी पुढे. फटका गँग हा शब्द बातम्यांत वाचला होता, त्या दिवशी मनगटाला कळला.

पुढचं सांगते, ते कामाचं. मैत्रिणीच्या फोनवरून लॉगिन करून आधी फोन लॉक केला. मग लोहमार्ग पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं दुसरं सिम, आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक. तिथे तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपी येतो, म्हणून सिम आधी. आयएमईआय खोक्यावर असतो. खोकं फेकू नका.

नवा घेताना मग मी कॅमेरा बघितलाच नाही, चोरीनंतर काय होतं ते बघितलं. आयफोनमध्ये जानेवारी २०२४ च्या आयओएस १७.३ पासून एक सोय आहे. फोन घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागी नसेल, तर पासकोड माहीत असूनही चोराला अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड लगेच बदलता येत नाही. चेहरा किंवा बोट लागतं, वर तासभर थांबावं लागतं. अँड्रॉइडवाल्यांना त्याच वर्षी वेगळी सोय मिळाली. कुणी फोन हिसकावून पळालं तर त्या हिसक्यावरून फोन स्वतःच लॉक होतो. आजूबाजूला विचारा, निम्म्या लोकांच्या फोनमध्ये हे चालूच केलेलं नसतं. मी आयफोन घेतला, पण निव्वळ या मुद्द्यावर दोन्हींत मला फार डावंउजवं दिसलं नाही. आता दारात उभी राहत नाही, हा खरा बदल.

ऐरोली
सॉफ्टवेअरवाला. इथे कुणी तिसऱ्या पार्टीचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे लुमिया होता, विंडोज फोन. आजही सांगतो, स्वस्त फोनवर इतकं सुळसुळीत काही चाललेलं मी पाहिलं नाही. पण अ‍ॅप बनवणारे तिकडे फिरकलेच नाहीत. बँकेचं अ‍ॅप नाही, नवं काही आलं की आधी बाकीच्या दोघांकडे. ३१ डिसेंबर २०१९ ला व्हॉट्सअ‍ॅपचा पाठिंबा संपला आणि विषय मिटला. फोन धडधाकट, पण बोलायचं कुणाशी?

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: अपडेट किती वर्षं? २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगलने सात वर्षं द्यायला सुरुवात केली, जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगनेही तेवढीच दिली. आयफोनचं म्हणाल तर २०१८ च्या एक्सआरला २०२४ चं आयओएस १८ सुद्धा मिळालं. स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइडना मात्र दोन-चार वर्षांतच पुरे म्हणतात. किंमतीला या वर्षांनी भागून बघा, वीस हजारांचा फोन कधीकधी महाग निघतो.

आणखी एक. अँड्रॉइडमध्ये एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, प्ले स्टोअरच्या बाहेरूनही टाकता येते. मला ते आवडतं, माझ्या कामाचं आहे. पण हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एपीके पाठवतात. ती उघडून हो-हो करत गेलं की फोनमधले एसएमएस चोराकडे, म्हणजे ओटीपीसुद्धा. आयफोनवर एपीके चालतच नाही. वडिलांच्या अँड्रॉइडवर मी बाहेरचं अ‍ॅप टाकायची परवानगी सगळीकडे बंद केलीय आणि सांगितलंय, पत्रिका कागदावर आली तरच लग्नाला जायचं.

खारघर
मुलाला आठवीत फोन द्यावा लागला, क्लासच्या ग्रुपसाठी. त्याचा अँड्रॉइड, माझा आयफोन. गूगलचं फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं अ‍ॅप) माझ्या आयफोनवर चालतं, त्यावरून त्याच्या वेळा ठरवते. उलटं असतं तर अडलं असतं. मुलाकडे आयफोन आणि आईकडे अँड्रॉइड असेल, तर अ‍ॅपलचा स्क्रीन टाइम लांबून सांभाळायला घरात कुणाकडे तरी अ‍ॅपलचं उपकरण लागतं. रात्री दहाला त्याचा फोन लॉक होतो, मग तो माझा मागतो. त्यावर अजून अ‍ॅप आलेलं नाही.

पाचपाखाडी (धागाकर्ती)
माझं साधारण ठरतंय. दोन खरी सिमं आणि सात वर्षं अपडेट, म्हणजे नवा अँड्रॉइडच. माझ्या बजेटच्या आत तसे मिळतात, काल गोखले रोडवर विचारून आले. नवऱ्याला वापरलेला आयफोन अजून खुणावतोय, त्याचं कुणी सांगेल का?

ठाणे स्टेशनजवळ
सांगतो ताई, माझा रिपेअरिंगचाच धंदा आहे. वापरलेला आयफोन वाईट नाही, पण बघून घ्या. सेटिंगमध्ये जनरल, त्यात अबाउट. बऱ्याच मॉडेलांत बॅटरी, डिस्प्ले बदलला असेल तर तो मूळचा आहे का, हे तिथे लिहून येतं. बॅटरी हेल्थही बघा. ऐंशीच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करायला लावा. ‘नंतर पासवर्ड पाठवतो’ म्हणाला तर तिथेच थांबा. अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असलेला, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेला फोन माझ्याकडे आणाल तर मीही काही करू शकत नाही.

अँड्रॉइडचं दुखणं वेगळं. कमी खपाच्या मॉडेलचा डिस्प्ले दोन-तीन वर्षांनी बाजारात मिळतच नाही, मग गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं. म्हणून रस्त्यावर चार लोकांच्या हातात दिसतं तेच मॉडेल घ्या.

कुठलाही जुना फोन असो, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, आयएमईआय येईल. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून एक जागा सोडा, तो नंबर टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा. ब्लॉक केलेला असेल तर कळतं. पैसे द्यायच्या आधी करा, आमच्याकडे लोक नंतर येतात.