परदेशी जाणारे पियानोवादक कोणाचा पियानो वाजवतात?

काळी_चार:
मी पेटी वाजवतो. मागच्या महिन्यात विमानाने दिल्लीला गेलो, तर पेटी पट्ट्यावरून आली ती एक सूर अडकूनच. लॉजवर बसून उघडली. तेव्हा डोक्यात आलं, या पियानोवाल्यांचं काय? आज लंडन, परवा टोकियो. दुसऱ्याच्या पेटीवर माझा तर मध्यंतरापर्यंत हात बसत नाही.

पडद्यामागची:
मुंबईत पियानो लावण्याचं काम करते. बहुतेक जण हॉलचाच पियानो वाजवतात. स्टाइनवे कंपनीचा मोठा पियानो पावणेतीन मीटर लांब, वजन पाचशे किलोच्या घरात; नेणार कसा?

पाहुणा सकाळी येतो, तासभर वाजवून बघतो आणि मग माझ्याकडे वळतो. ‘वरचा एफ शार्प टोचतोय.’ तो सुरातच असतो हो, पण आवाज पत्र्यासारखा. मग पट्ट्या-हातोड्यांची सगळी यंत्रणा बाहेर ओढायची आणि तारेवर आपटणाऱ्या त्या हातोडीच्या फेल्टला (दाबलेल्या लोकरीला) सुया टोचायच्या. दोन टोचे, परत बसवून ऐकायचं. एखादा टोचा जास्त पडला की तोंडात बोळा कोंबल्यासारखा आवाज, आणि संध्याकाळी सातला कार्यक्रम! पावसाळ्यात तर लाकूड फुगतं, सूर चढतात. असो, ते रडगाणं वेगळं.

जुनी_तबकडी:
स्वतःचा नेणारेही आहेत. पियानोवादक होरोविट्झ १९८६ मध्ये ६१ वर्षांनी रशियात वाजवायला गेला, तो न्यूयॉर्कहून आपला स्टाइनवे घेऊन. पोलंडचा झिमरमनही (१९७५ च्या शोपँ पियानो स्पर्धेचा विजेता) आपलाच नेतो. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर न्यूयॉर्कच्या विमानतळावर कस्टमवाल्यांना गोंदाचा वास संशयास्पद वाटला आणि त्यांनी त्याचा पियानो नष्ट केला. पुढे काही दौऱ्यांत तो नुसती पट्ट्या-हातोड्यांची यंत्रणा घेऊन जायचा आणि तिथल्या पियानोत स्वतः बसवायचा.

पडद्यामागची:
आणि ती सहज बसत नाही. हातोडी तारेवर नेमक्या जागी पडायला हवी. केसभर सरकली तरी आवाज बदलतो. वादकाने स्वतः हे करणं म्हणजे कमालच. मी असते तर त्याला खुर्चीवर बसवून चहा दिला असता.

काळी_चार:
म्हणजे माझी पेटी सुखरूपच आली म्हणायची. ताई, एक विचारू? सूर सुटला, सगळं परत बसवलं, पण एक स्क्रू उरलाय.

पडद्यामागची:
फोटो टाका. आणि तोवर भाता मारू नका.