स्टार कासवाची मादी खड्डे उकरतेय पण अंडी घालत नाहीये

मेधा_ह्यूस्टन
नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनला असतो, घरी इंडियन स्टार कासवांची जोडी आहे, दोन्ही इथल्याच ब्रीडरकडे जन्मलेली, कागदपत्रं आहेत. गेल्या आठवड्यापासून मादीचं खाणं एकदम कमी झालंय, जास्वंदाचं फूल दिलं तरी तोंड फिरवते, दिवसभर कुंपणाच्या कडेकडेने फेऱ्या मारते, मागच्या पायांनी थोडी माती उकरते आणि सोडून दुसरीकडे जाते. अंडी असणार असं वाटतंय, मग घालत का नाही? आणि घातली तर तिथेच ठेवायची की काढायची? अजून एक, इथल्या ओळखीच्यांकडे बर्मीज स्टारचा, म्हणजे म्यानमारकडच्या वेगळ्या जातीच्या स्टार कासवाचा, नर आहे, ते म्हणतात थोडे दिवस तुमच्याकडे राहू दे, सोबत होईल. आणि नाशिकचा भाऊ आत्तापासूनच मागे लागलाय, येताना एक पिल्लू आण म्हणून, घरात कासव असलं की पैसा टिकतो म्हणे.

रानवाट
ताई, लक्षणं अंड्यांचीच आहेत. उकरून सोडून देते म्हणजे तिला जागा पसंत नाहीये. माती किती खोल आहे? खाली फरशी किंवा कडक थर लागला की ती लगेच उठते. एका कोपऱ्यात फूटभर तरी माती आणि वाळू मिसळून भरा, इतकी ओलसर की मुठीत दाबली तर गोळा राहील पण पाणी गळणार नाही, आणि वर दिवा लावून ती माती तीस अंश सेल्सियसच्या आसपास गरम ठेवा. ती स्वतः खड्ड्यात लघवी करून माती मऊ करते, त्यामुळे पाण्याचं भांडं जवळ हवंच. नराला आत्ताच वेगळा करा, तो सारखा मागे लागला तर ती बसणारच नाही. एवढं करूनही चार-पाच दिवसांत काही नाही झालं किंवा ती मलूल वाटली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेऊन एक्सरे काढाच, अंडी अडकली तर जिवावर बेततं. आणि कॅल्शियम चालू आहे ना? समुद्रफेस, आपल्याकडे पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तोच, आत टाकून ठेवा, लागेल तसा ती कुरतडते.

शेखर_सॅनहोजे
अंडी काढायचीच. संतांनी कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते असं म्हटलंय, पण खरी कासवी माती लोटून झाली की वळूनही बघत नाही, पुढचं सगळं आपल्याकडे. उचलायच्या आधी अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने हलकी खूण करा आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे, उलटलं तर आतला गर्भ मरू शकतो. डब्यात ओलसर वर्मिक्युलाइट (बागकामात वापरतात ते ओल धरणारं हलकं खनिज), त्यात अंडी अर्धी पुरायची. तापमानावर लिंग ठरतं, साधारण २८-२९ अंशाला बहुतेक नर, ३१-३२ ला बहुतेक माद्या. फळलेल्या अंड्यावर काही दिवसांनी खडूसारखा पांढरा डाग पसरायला लागतो, तो दिसला की हायसं वाटतं. पण घाई नको, स्टारची अंडी तीन महिन्यांतही फुटतात आणि साडेपाच महिनेही घेतात, बरेच जण मधेच कंटाळून टाकून देतात ते फार वाईट वाटतं मला. पिल्लू निघाल्यावर पोटाची पिवळी पिशवी (उरलेला बलक) आत जाईपर्यंत ओल्या टिशूवरच ठेवा. आणि पहिली दोन वर्षं हवा दमट हवी, पाठीवर ते डोंगर येतात ना, त्याचं मोठं कारण कोरडी हवा आहे, २००३ मध्ये आफ्रिकन सुलकाटा कासवाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात प्रथिनांपेक्षा दमटपणाचाच परिणाम जास्त दिसला होता.

कूर्मप्रेमी
बर्मीज नर अजिबात आणू नका, ओळखीचे कितीही जवळचे असोत. दोन्ही अगदी जवळच्या जाती, संकर होण्याचा धोका, आणि एका जातीच्या आतड्यातले परजीवी दुसरीला झेपतीलच असं नाही. बर्मीज स्टारची किंमत कळायची तर म्यानमारचं काम बघा. जंगलातून ते जवळजवळ संपलं होतं, २००४ पासून तस्करांकडून जप्त केलेली वगैरे मिळून पावणेदोनशेच्या आसपास कासवं घेऊन अभयारण्यांतच प्रजनन सुरू केलं आणि २०१७ पर्यंत संख्या १४,००० च्या वर नेली, शेकडो परत जंगलात सोडली. असा शुद्ध वंश आपण हौसेपायी बिघडवायचा नाही.

पुण्याचा_निखिल
भावाला आजच नाही सांगा. स्टार कासव २०१९ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या, म्हणजे सर्वात कडक, परिशिष्टात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये. भारतात घरी ठेवणं गुन्हा आहे, जन्म अमेरिकेत झाला म्हणून सूट मिळत नाही. ज्या पैशाच्या समजुतीपायी ही कासवं पोत्यांत, बॅगांत कोंबून पाठवतात, त्यात किती मरतात हे भावाला एकदा नीट समजावून सांगा. देवळासमोरच्या दगडी कासवाला नमस्कार करायला कोणाची ना नाही.

मेधा_ह्यूस्टन
सगळ्यांचे मनापासून आभार. एक्सरे काढला, चार अंडी स्पष्ट दिसली, डॉक्टर म्हणाले अडकलेली नाहीत, जागा बदलून बघा. माती भरली, नर वेगळा केला. आज संध्याकाळी ती बराच वेळ दिव्याखाली एकाच जागी उकरत होती. भावाला फोन केला, थोडा रुसलाय. शेखरदादा, वर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने समसमान घेऊ का?

शेखर_सॅनहोजे
समसमान जरा जास्त ओलं होईल, पाणी थोडं कमीच ठेवा. मुठीत पिळल्यावर थेंब पडला तर अजून कोरडं घाला. आणि इनक्युबेटर आजच चालू करून तापमान स्थिर होतंय का बघा, अंडी आल्यावर धावपळ नको.