बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला चोर-स्विच बसवायचा आहे, सल्ला हवा (बजेट १५०० रु.)

चाकोरी
नमस्कार मंडळी. बाबांकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. पेट्रोल, स्टिअरिंगवरचा गिअर, रंग अजून मूळचाच. ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेल्यापासून आम्ही भाड्याच्या घरात राहतो आणि गाडी रस्त्यावर उभी असते. गेल्या मंगळवारी पहाटे कुणीतरी पुढची तिकोनी काच उचकटून दार उघडलं आणि डॅशबोर्डाखालच्या वायरी ओढून काढल्या. सेल्फ मारल्याचा आवाज समोरच्या वॉचमनला आला, तो ओरडत धावला म्हणून गाडी वाचली. पोलिसात तक्रार दिली आहे.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, रविवारी गाडीतून एक फेरी मारतात. त्या दिवसापासून रात्री दोनदा उठून खिडकीतून गाडी बघतात. मला त्यांची झोप परत हवी आहे.

विचारायचं असं: चोर-स्विच (गाडी चालूच होऊ नये म्हणून लपवून बसवलेला स्विच) बॅटरीवर घ्यावा, कॉइलवर (प्लगच्या ठिणगीला करंट देणारी) की पेट्रोलच्या नळीवर? लपवावा कुठे? पावसात दगा देणार नाही ना? बजेट १५००, मजुरी धरून. डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही, बाबांना ते सहन होणार नाही.

डबल_डीक्लच
जीपीएस ट्रॅकर घ्या. मी माझ्या मारुती एस्टीमला बसवला, इंजिन बंद करायच्या रिलेसकट साडेसहा हजार, वर्षाचं रिचार्ज वेगळं. बसल्या जागी मोबाइलवरून गाडी बंद करता येते. १५०० मध्ये आजकाल काही येत नाही, बजेट वाढवा.

खंबाटकी
बॅटरी कटऑफ. निगेटिव्ह टर्मिनलवर बसतो, हिरव्या रंगाची चकती असते, दोन वेढे फिरवली की गाडी मेली. मला ४५० ला पडला, नऊ वर्षं झाली, काही झालेलं नाही. चकती काढून घरात न्यायची. वायर कापायला नको, भोक पाडायला नको. विषय संपला.

सुतळी
खंबाटकींना +१. बॅटरीच तोडा. फक्त माझ्या चकतीचा आटा दोन वर्षांत झिजला आणि कसारा घाटात खड्ड्यात गाडी आदळली की दिवे जायचे. चांगल्या पितळेचा बघून घ्या.

खंबाटकी
पाना लावून घट्ट केला नसेल. माझा कधी सैल झाला नाही.

कृष्णाकाठ
आमच्या घरी तीन ट्रक होते, चोर-स्विच हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पेट्रोल गाडीला मात्र पेट्रोलच तोडावं असं माझं ठाम मत. थोरल्या भावाच्या फियाटला (पद्मिनीला जुने लोक फियाटच म्हणतात) आम्ही टाकीकडून येणाऱ्या नळीला तोटी बसवली होती, पितळी, सीटखाली हात घातला की सापडायची. गाडी चोरीला गेली ती रात्री अकराला. सकाळी सापडली गावापासून अर्ध्या कोसावर, उसाच्या फडाच्या कडेला, दारं सताड उघडी. कार्ब्युरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल होतं तेवढी पळाली आणि भर रस्त्यात बसली. चोराला वाटलं गाडीच बिघडलेली, टाकून गेला. भाऊ त्या दिवशी रडला हो, आनंदानं.

चाकोरी
@कृष्णाकाठ दादा, वाचून अंगावर काटा आला. पण सीटखाली पेट्रोलची तोटी म्हणजे वास, गळती?

कृष्णाकाठ
ते खरंय. चार वर्षांनी तोटीचं पॅकिंग गेलं, गालिचा पेट्रोलनं भिजला, मग काढूनच टाकली. गाडीखाली बसवा, आत नको.

मिडलँड्सकर
मी इंग्लंडात असतो, माझ्याकडे १९७९ ची मिनी आहे. आमच्या मिनीची बॅटरी डिकीतच असते, त्यामुळे तिथेच लाल किल्लीचा आयसोलेटर (बॅटरी तोडणारा स्विच) लावला की झालं, बॉनेट उघडायची गरजच नाही. इकडे जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंगला लोक पिवळा लोखंडी दांडा लावतात, लांबून दिसतो. दिसणारं कुलूप आणि न दिसणारा स्विच, दोन्ही लागतात. पद्मिनीचे फोटो टाका ना ताई, माझ्या आजोबांची होती.

कंडेन्सर
चाकोरीताई, जरा सविस्तर लिहितो. पद्मिनीचं इग्निशन पॉइंटचं आहे. कॉइलला दोन बारीक टर्मिनल: एकाला किल्लीतून १२ व्होल्ट येतात, दुसरं डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारी डबी) पॉइंटला, म्हणजे उघडमीट होणाऱ्या संपर्कांना जातं. पॉइंट मिटले की कॉइल भरते, उघडले की प्लगला करंट उडतो.

बहुतेक मेकॅनिक किल्लीकडून येणारी वायर तोडून मध्ये स्विच घालतात. चोराला हे ठाऊक असतं. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट कॉइलला दिली की तुमचा स्विच निरुपयोगी.

मी उलट करायला सांगेन. कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलवरून एक वायर काढायची, छुप्या स्विचमधून बॉडीला अर्थ करायची. स्विच मिटला, म्हणजे वायर बॉडीला जोडली गेली, की पॉइंट उघडले तरी कॉइलला कळतच नाही, करंट उडत नाही. चोराने बाहेरून थेट प्लस दिला तरी इंजिन नुसतं फिरत राहतं, सेल्फ कितीही मारा. ही वायर उद्या तुटली तरी गाडी चालूच राहते, हा आणखी फायदा.

काळज्या: ती वायर पत्र्याला घासून सोलली तर गाडी चालता चालता बंद पडेल, म्हणून भोकातून नेताना रबरी ग्रोमेट हवाच. पॉइंट उघडताना त्या वायरमध्ये क्षणभर शेकडो व्होल्ट येतात, तेव्हा जाड आवरणाची वायर आणि गाडीचाच दणकट स्विच घ्या, टेबललॅम्पचा नको. स्विच मिटलेला असताना किल्ली चालू ठेवून बसू नका, कॉइल तापते. मजुरीसकट ४०० ते ५००.

आणि स्विचची जागा या धाग्यावर कुणी लिहू नका, फोटोही टाकू नका. गाडीचा नंबर, नौपाडा, रस्त्यावर उभी हे सगळं एकत्र वाचणारे लोक इथेही असतील.

डबल_डीक्लच
कंडेन्सर, चोर क्रेन लावून गाडी उचलून नेईल तेव्हा तुमचं अर्थिंग काय करणार? म्हणून ट्रॅकर.

कंडेन्सर
क्रेन आणणाऱ्याला कुठलाच स्विच अडवत नाही, मान्य. पण मंगळवारी आलेल्याने वायरी ओढल्या, सेल्फ मारला. हा क्रेनवाला नाही. शिवाय आठवड्यातून एकदा फिरणाऱ्या गाडीत ट्रॅकर रोज बॅटरी थोडी थोडी खातो. रविवारी सेल्फ उचलला नाही तर ७४ वर्षांच्या माणसाने धक्का मारायचा का?

डबल_डीक्लच
माझी एस्टीम तीन आठवडे उभी राहूनही एका सेल्फला चालू होते.

मोगरा_७
विम्याचं बघितलं का? एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं असेल तर ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये अडीच टक्के सूट असे, जास्तीत जास्त ५०० रुपये. घरगुती चोर-स्विचला ती नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली किंमत) कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवता, तेव्हा पॉलिसीत कितीची किंमत लिहिली आहे ते आजच बघा. नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरी झाल्यावर एक रुपया मिळत नाही. माझ्या मामांना तेव्हा कळलं. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, दाव्याच्या वेळी कंपनी मागते.

गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवून घ्या म्हणजे किंमतही वाढेल.

खंबाटकी
मोगराताई, १९८४ ची गाडी व्हिंटेजमध्ये बसत नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. नोंदणी फी २० हजार, नंबरात व्हीए अक्षरं. आणि तशी नोंदवली की रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली एवढ्यापुरतीच. काकांची रविवारची फेरी बंद.

मोगरा_७
बरं, ते माझं चुकलं. विम्याचं मात्र नक्की बघा.

कृष्णाकाठ
फियाटच्या किल्लीबद्दल कुणीच बोललं नाही. चाळीस वर्षांत कुलूप इतकं झिजतं की आमच्या कपाटाची किल्ली फियाटला लागायची. आधी इग्निशनचं कुलूप बदला.

सुतळी
माझ्या सासऱ्यांकडे अँबेसिडर होती. ते रात्री डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून रोटर (प्लगना करंट वाटणारा फिरता तुकडा, तो नसला की गाडी चालू होत नाही) काढायचे आणि खिशात घालून वर यायचे. एक पैसा खर्च नाही.

डबल_डीक्लच
रोटर? ते पन्नास वर्षांपूर्वीचं. चोर दुसरा रोटर घेऊन येईल, शंभर-दोनशेला मिळतो.

खंबाटकी
रोज झाकण काढघाल केलं तर क्लिपा ढिल्या होतील आणि पावसात झाकणात ओल शिरेल. शिवाय बॉनेट उघडायचंच आहे तर बॅटरीची चकतीच फिरवा.

कंडेन्सर
रोटर काढणं चूक नाही, पण दर वेळी कोण करणार? आळस होतो आणि नेमक्या त्याच रात्री गाडी जाते. स्विच बोटाने दाबायचा असतो, म्हणून तो रोज दाबला जातो.

अदलाबदल करून ठेवायची म्हणून प्लगच्या वायरी मात्र कुणी हलवू नका. माझ्या एका शेजाऱ्यांनी हे केलं. सकाळी सिलिंडर पेटण्याचा १-३-४-२ हा क्रम चुकवून जोडल्या, सायलेन्सरमध्ये असा बार झाला की मफलर फाटला.

मिडलँड्सकर
चुंबकाने चालणारा रीड स्विच आणि रिले बघा. प्लास्टिकच्या मागे लपवायचा, किचेनमधलं चुंबक टेकवलं की गाडी चालू. मी स्वतः बनवला, बाहेरून काहीही दिसत नाही. माझ्या क्लबात सगळे विचारतात.

चाकोरी
सगळ्यांचे आभार. काल आमच्या गॅरेजवाल्यांना दाखवलं. ते म्हणाले, बॅटरीला कटऑफ लावू, दोन तासांचं काम. मी कंडेन्सर यांची अर्थिंगची कल्पना सांगितली तर म्हणाले, "ते नंतर मलाच दुरुस्त करायला लागेल." अजून ठरत नाही. कटऑफबद्दल एक शंका: गाडी चालू असताना चकती सैल झाली तर?

कंडेन्सर
तुमच्या गाडीला बॅटरी चार्ज करायला डायनॅमो आहे की नंतर अल्टरनेटर बसवला? अल्टरनेटर असेल तर इंजिन चालू असताना बॅटरी सुटणं वाईट, त्यातले डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारे भाग) उडू शकतात. कटऑफ लावलाच तर इंजिन थांबल्यावरच फिरवायचा.

खंबाटकी
नऊ वर्षं झाली, माझे डायोड उडाले नाहीत.

सुतळी
ठाण्याचा दमटपणा धरा. टर्मिनलवर हिरवी बुरशी चढते, कटऑफच्या दोन पृष्ठभागांत चढली तर सेल्फला करंट पुरत नाही. पेट्रोलियम जेली लावत राहा.

कृष्णाकाठ
गाडीखाली तोटी. शेवटचं सांगतो.

चाकोरी
ठरलं. सगळ्यांचं वाचून दाखवलं बाबांना, दोन संध्याकाळी लागल्या. त्यांनी कटऑफ नाही म्हटलं, स्विच नाही म्हटलं, तोटी तर नाहीच. ते रोटर काढणार.

त्यांचं म्हणणं असं: "मी रोज सकाळी बॉनेट उघडतोच. पाणी बघतो, ऑइलची काडी बघतो. त्यात अर्ध्या मिनिटाचं काम वाढलं. ज्या गोष्टीला मी हात लावून काढली ती काढली आहे याची मला खात्री असते. स्विच दाबला की नाही हे मी रात्री तीनदा उठून बघत बसेन." या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आळसाचा मुद्दा त्यांना लागू होत नाही, चाळीस वर्षं ते ऑइल बघत आलेत.

१५०० पैकी ११०० चा स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा घेतला, मिडलँड्सकर म्हणाले तसा लांबून दिसणारा. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला नवीन क्लिपा टाकल्या. तिकोन्या काचेला आतून खिट्टी बसवली. विमा थर्ड पार्टीच निघाला, मोगराताई, पुढच्या नूतनीकरणाला बदलतो आहोत. परवा रात्री बाबा पहिल्यांदा सलग झोपले.

डबल_डीक्लच
तुमची गाडी, तुमचा निर्णय. ट्रॅकरबद्दल कधी विचार बदलला तर मला संदेश करा.

कंडेन्सर
काकांचा मुद्दा पटला. एकच सांगतो: जुन्या फियाटवाल्यांच्या डिकीत सुट्या सामानाचा डबा असतो. त्यात जास्तीचा रोटर पडलेला नाही ना, ते आजच बघा.

चाकोरी
आत्ता जाऊन आले. स्टेपनीच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात पॉइंटचा सेट, एक कंडेन्सर, फॅनबेल्ट आणि दोन रोटर. डबा वर घरी आणला आहे.